मनीने घमेल्याकडे पाठ का फिरवली?



आजचा विषय काहींना नाक मुरडण्यासारखा वाटेल. पण ज्या घरात मांजर आहे, त्या घरातल्या बाईला विचारा. मांजर ठरलेल्या जागी शी-शू करायचे सोडून गादीवर, गोधडीवर, दप्तरावर करू लागले की घराची काय दशा होते, हे तीच सांगू शकेल. घरभर वास सुटतो, भांडणे होतात, आणि शेवटी निकाल लागतो तो त्या मुक्या जिवाचा. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

खान्देशात मांजर पाळणे ही चैन कधीच नव्हती. धाब्याचे घर, घरात दादर-ज्वारीची पोती, पोत्यांमागे उंदीर आणि उंदरांमागे मांजर, असा तो सरळ हिशेब होता. मांजराने शी कुठे करायची, हा प्रश्न माझ्या आईला कधी पडला नाही. मागे उकिरडा होता, चुलीच्या राखेचा ढीग होता, परसात मोकळी माती होती. मांजर आपले जायचे, उकरायचे, झाकायचे आणि परत यायचे. आता आम्ही जळगावात दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो. खाली फरशी, वर स्लॅब, मधे आम्ही. माती उरली आहे ती फक्त तुळई-विटांच्या आत. अशा घरात मांजराला आपणच माती आणून द्यावी लागते. कोणी त्याला लिटर बॉक्स म्हणतात, कोणी ट्रे म्हणतात. आमच्याकडे ते प्लॅस्टिकचे घमेले आहे.

एप्रिल महिन्यातले संकट

आमची मनी दोन वर्षे त्या घमेल्यात बिनतक्रार जात होती. एका एप्रिलमध्ये तिचे बिनसले. आधी पायपुसण्यावर, मग मुलीच्या दप्तरावर, आणि मग माझ्या आईच्या जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी होती, तिच्यावर. आई आता नाही. ती गोधडी धुताना मला रडू आले आणि रागही आला. चार दिवसांत तीन वेळा तीच गोधडी ओली झाली. सासूबाई म्हणाल्या, "तिला तू रागावलीस ना परवा, त्याचा सूड घेते आहे ती." खालून घरमालकांनी निरोप पाठवला की जिन्यापर्यंत वास येतो आहे. शेवटी आमचे हे वैतागून म्हणाले, "रविवारी पोत्यात घालतो आणि बांभोरीच्या पुलापलीकडे सोडून येतो."

माळ्यावरचे पोते खाली आले. आठवीतली मुलगी रात्री जेवली नाही. मी ह्यांना म्हटले, रविवारला अजून पाच दिवस आहेत. तेवढे दिवस मला द्या.

मांजर सूड घेत नाही

पहिल्याच दिवशी मी मनीला पाटीत ठेवून पशुवैद्यकीय डॉक्टरांकडे नेले. त्यांनी तिचे पोट चाचपले, लघवी तपासली आणि आजार काही नाही असे सांगितले. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, गेल्या पंधरा दिवसांत घरात काय काय बदलले?"

मी मोजू लागले. १४ एप्रिलच्या जयंतीसाठी घराला रंग दिला होता. गावाकडून पाहुणे आले होते. रात्री उशिरापर्यंत बाहेर वाजंत्री होती. पण पाहुणे परत गेले, वाजंत्री थांबली, रंगाचा वासही गेला, तरी मनी सुधारली नव्हती. "आणखी?" डॉक्टरांनी विचारले. मला काही आठवेना. घरी आले, घमेल्यासमोर उभी राहिले आणि डोक्यात प्रकाश पडला. घमेले जिथे ठेवले होते, त्याच्या शेजारीच आम्ही कूलर लावला होता! जळगावच्या उन्हाळ्यात कूलरवाचून जगणे कठीण. पण ज्या वेळी मनी घमेल्यात बसत असेल, त्याच वेळी तिच्या कानाशी ती पत्र्याची पेटी घरघर करत सुरू होत असणार. एकदा घाबरली, दोनदा घाबरली, तिसऱ्यांदा तिने मऊ आणि शांत जागा शोधली. ती जागा म्हणजे आईची गोधडी.

सूड घ्यायला मागचे आठवावे लागते, बेत करावा लागतो, समोरच्याला काय लागेल याचा विचार करावा लागतो. मांजराचे तसे काही चाललेले नसते. त्याला फक्त एवढे कळते की ही जागा भीतीची आहे आणि ती जागा सुरक्षित आहे. गोधडीला आपल्या अंगाचा वास असतो, आणि घाबरलेल्या मांजराला तो ओळखीचा वास बरा वाटतो. आपण त्याला सूड म्हणतो आणि मारतो. मार खाल्लेले मांजर आणखी घाबरते आणि आणखी लपून शू करते. नाक शूमध्ये घासणे हा तर शुद्ध अडाणीपणा आहे. त्यातून मांजर एकच गोष्ट शिकते, ती म्हणजे माणसापासून लांब राहायचे.

झाकण्याची सवय कुठून आली?

घरात पाळलेली मांजरे ही आफ्रिका आणि पश्चिम आशियातील रानमांजराची वंशज आहेत. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पश्चिम आशियात माणूस शेती करू लागला. धान्य साठवले, धान्याला उंदीर लागले, आणि उंदरांमागे मांजर माणसाच्या वस्तीत आले. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका दफनस्थानात माणसाशेजारी मांजर पुरलेले सापडले, ते संशोधन २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणजे धान्याचे पोते, उंदीर आणि मांजर हा आपल्या आजीच्या घरातला हिशेब दहा हजार वर्षे जुना आहे.

हे रानमांजर कोरड्या, रेताड मुलखातले. पायाखाली भुसभुशीत माती, ती उकरायची, शी करायची आणि झाकायची, ही सवय तिथूनच आली. पिलाला ती फारशी शिकवावी लागत नाही. तीन-चार आठवड्यांचे पिलू आपणच मातीत पंजा मारू लागते. म्हणून मांजर घमेल्याकडे पाठ फिरवते, तेव्हा "याला शिस्त नाही" असे म्हणू नये. त्याला झाकायचे असतेच. आपण दिलेली जागा, माती किंवा स्वच्छता त्याला पटलेली नसते, नाहीतर त्याचे काहीतरी दुखत असते.

राखेपासून मातीपर्यंत

ही अडचण आपलीच आहे असे समजू नका. अमेरिकेतही पूर्वी लोक मांजरासाठी राख, वाळू, लाकडाचा भुसा वापरत. १९४७ च्या जानेवारीत मिशिगन राज्यातील कॅसोपोलिस या गावी एक शेजारीण एडवर्ड लोव नावाच्या तरुणाकडे वाळू मागायला आली. थंडीने तिची वाळू गोठली होती, आणि राख वापरली की मांजराचे काळे पंजे घरभर उमटत होते. लोव यांच्या वडिलांचा कारखान्यांतले सांडलेले तेल शोषून घेणारी माती विकण्याचा व्यवसाय होता. त्यांनी तिला त्या मातीची पिशवी दिली. ती माती म्हणजे आपण तोंडाला लावतो त्या मुलतानी मातीच्या जातीची. मांजराला ती आवडली, बाईला आवडली, आणि त्यातून एक मोठा धंदा उभा राहिला. पुढे १९८० च्या दशकात ओली झाली की गोळा होणारी बेंटोनाइट माती या कामी आली. आपल्याकडे ही माती गुजरातच्या कच्छमध्ये आणि राजस्थानात खाणीतून निघते. आज जळगाव-धुळ्याच्या दुकानांत मांजराची माती म्हणून पिशव्या मिळतात, त्यांतली बरीच याच जातीची असते.

ज्यांना ती परवडत नाही त्यांनी मन लहान करू नये. चाळलेली बारीक वाळू उत्तम चालते. वखारीतला लाकडाचा भुसाही चालतो, पण फार धुळीचा नको. चुलीची राख वापरायची तर पूर्ण थंड झालेली, चाळलेली आणि मातीत मिसळलेली असावी. मांजर किमतीकडे पाहत नाही. पायाला मऊ लागले आणि उकरता आले की त्याचे काम झाले.

आधी डॉक्टर, मग शिस्त

मनीची भानगड मी धुळ्याच्या माझ्या धाकट्या बहिणीला फोनवर सांगितली. ती देवपूर भागात राहते. तिच्याकडे बाळ्या नावाचा बोका आहे. ती म्हणाली, "ताई, आमचाही दोन दिवसांपासून तसेच करतो आहे. घमेल्यात जाऊन नुसता बसतो, उठतो, मग मोरीत बसतो, मग फरशीवर. मघाशी मी त्याला चापट दिली."

मी विचारले, "शू किती होते?"

"थेंबभर. आज सकाळपासून तर काहीच दिसली नाही. ओरडतो मात्र, आणि सारखा खाली चाटतो."

ज्या डॉक्टरांकडे मी मनीला नेले होते, त्यांनी मला हेच सांगून ठेवले होते, ते किती बरे झाले. मी म्हटले, "बाई गं, फोन ठेव आणि त्याला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. उद्या नाही, आत्ता."

बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. लघवीतले बारीक खडे किंवा चिकट साका तिच्यात अडकला की लघवी तुंबते. तुंबलेल्या लघवीने शरीरात विष साठते, रक्तातले पोटॅशियम वाढते, हृदय बंद पडते. असा बोका दोन-तीन दिवसांत मरू शकतो. बाळ्याला भूल देऊन नळी घातली, लघवी मोकळी केली, सलाइन लावले. डॉक्टर बहिणीला म्हणाले की आणखी एक रात्र घरी ठेवला असता तर तो हाती लागला नसता. जिला आपण खोड समजून चापट दिली, ते दुखणे होते, हे आठवून ती अजून हळहळते.

म्हणून पहिला नियम लिहून ठेवा. मांजर अचानक घमेले सोडते, तेव्हा आधी आजार नाही याची खात्री करा. पुढील खुणा दिसल्या तर वेळ घालवू नका:

१. वारंवार बसणे आणि थेंब-थेंब शू होणे किंवा मुळीच न होणे. बोक्याच्या बाबतीत ही तातडीची वेळ समजा.

२. शूमध्ये रक्त, शू करताना ओरडणे, खालची जागा सतत चाटणे.

३. पाणी फार पिणे आणि शू फार होणे. हे मूत्रपिंडाच्या विकाराचे किंवा मधुमेहाचे लक्षण असू शकते.

४. शी कडक होणे किंवा पातळ होणे. दुखले की मांजर त्या दुखण्याचा दोष घमेल्याला देते आणि तिथे जायचे सोडते.

५. म्हातारे मांजर असेल तर सांधेदुखी. घमेल्याचा काठ उंच असला की त्याला पाय टाकवत नाही.

आपल्या भागातल्या उन्हाळ्यात हे दुखणे विशेष सांभाळावे लागते. मांजर मुळात कोरड्या मुलखातले, त्यामुळे ते पाणी कमी पिते आणि त्याची लघवी दाट असते. त्यात ऊन ४५ अंशांवर गेले आणि खायला नुसते कोरडे दाणे दिले, तर लघवी आणखी दाट होते. दोन-तीन ठिकाणी मातीच्या पसरट भांड्यांत पाणी ठेवा, ते रोज बदला, आणि खाणे ओलसर द्या. पाणी दिवसाआड येणाऱ्या घरातही मांजरासाठी वाटीभर ताजे पाणी निघतेच. दुधाने मात्र हे काम होत नाही. पुष्कळ मोठ्या मांजरांना दूध पचत नाही आणि हगवण लागते. माणसाची दुखण्यावरची गोळीही स्वतःच्या मनाने देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे.

शू की फवारा?

आणखी एक फरक ओळखायला शिका. मांजर खाली बसून जमिनीवर भरपूर शू करते, ती साधी शू. उभे राहून, शेपटी ताठ करून थरथरवत, भिंतीवर किंवा कपाटावर मागे थोडीशी पिचकारी मारते, तो फवारा. फवारा म्हणजे "ही जागा माझी" अशी पाटी लावणे. खिडकीबाहेर परका बोका फिरू लागला, घरात दुसरे मांजर आले, की ही पाटी लागते. त्यावर घमेले बदलून उपयोग नाही. बोक्याचे खच्चीकरण हा खरा उपाय आहे. दहांपैकी सुमारे नऊ बोके त्यानंतर फवारा मारायचे सोडतात किंवा पुष्कळ कमी करतात. पाच-सहा महिन्यांच्या वयात हे करून घेणे बरे. मादीचीही नसबंदी करावी. मांजर सुमारे नऊ आठवड्यांत विते, वर्षातून दोन-तीनदा विते, आणि त्या पिलांचे पुढे काय होते हे आपण रस्त्यावर पाहतोच.

घमेल्याची परीक्षा

डॉक्टरांनी आजार नाही म्हटले की मग घमेल्याकडे वळा. मी घरी लावलेली यादी देते.

जागा: शांत हवी. कूलर, धुण्याचे यंत्र, मिक्सर, जिन्याचा दरवाजा यांच्या शेजारी नको. खाण्याच्या वाटीजवळही नको. आपण ताटाशेजारी शौचाला बसत नाही, तेही बसत नाही. गच्चीत किंवा गॅलरीत ठेवले असेल तर दुपारी तिथे हात लावून पाहा. आपल्याकडच्या मे महिन्यात वाळू भाजून निघते. ज्या वाळूत आपला हात ठरत नाही, त्यात मांजराने पाय कसा ठेवावा?

आकार: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजर जेवढे लांब, त्याच्या दीडपट घमेले हवे. पिलू असताना आणलेले घमेले मोठ्या बोक्याला पुरत नाही.

संख्या: मांजरे जितकी, त्याहून एक घमेले जास्त, असा नियम सांगतात. दोन खोल्यांच्या घरात तीन घमेली ठेवणे शक्य नसते, हे मलाही कळते. पण दोन मांजरांना एकच घमेले असेल, तर निदान दुसरे वेगळ्या कोपऱ्यात ठेवा. धाकटे मांजर थोरल्याच्या धाकाने अडून राहते, हे आपल्या लक्षातही येत नाही.

माती: दोन बोटे खोल असावी. सुगंधी माती माणसाच्या नाकासाठी बनवतात. मांजराचे नाक आपल्याहून कितीतरी तिखट, त्याला तो वास सहन होत नाही. माती बदलायची असेल तर एकदम बदलू नका. पहिल्या दिवशी चौथा हिस्सा नवी, मग निम्मी, असे आठ-दहा दिवसांत बदला. काय आवडते ते कळत नसेल, तर एका घमेल्यात वाळू आणि दुसऱ्यात माती अशी शेजारी-शेजारी ठेवा. मांजर आपले मत देऊन टाकते.

स्वच्छता: दिवसातून दोनदा गोळे काढा, एकदा तरी काढाच. आठवड्याला माती बदलून घमेले साध्या साबणाने धुवा.

फिनेल नको

आपल्याकडे वास आला की फिनेल, ही रीत आहे. मांजराच्या घरात ती सोडा. फिनॉलच्या जातीची द्रव्ये मांजराच्या यकृताला नीट बाहेर टाकता येत नाहीत. फरशीवर चालून ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. दवाखान्यात वापरतात तसली जंतुनाशकेही घमेल्याला नकोत. अमोनिया असलेला क्लीनर तर उलटेच काम करतो, कारण शूलाही तसाच वास असतो. मांजराला वाटते की आपली जागा हीच.

ओली जागा आधी कोरड्या फडक्याने टिपून घ्या. मग एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीच्या कोमट पाण्याने धुवा, वर निम्मे पाणी घातलेले पांढरे व्हिनेगर फिरवा आणि वाळू द्या. गोधडी त्याच पावडरीत रात्रभर भिजवून धुवा आणि कडक उन्हात घाला. शूवर ब्लीचिंग पावडर टाकू नका. त्यातून डोळ्यांना आणि छातीला झोंबणारा वायू निघतो.

पुन्हा सवय लावताना

मनीसाठी मी तीन गोष्टी केल्या. कूलरचे तोंड दुसऱ्या खिडकीला नेले. जुन्या घमेल्याशेजारी साध्या वाळूचे दुसरे घमेले ठेवले. आणि गोधडी कपाटात बंद करून, ती जिथे पसरलेली असायची तिथे मनीची खाण्याची वाटी ठेवली. मांजर खाण्याच्या जागी सहसा घाण करत नाही.

ज्यांच्या मांजराने एखादा कोपरा पक्का धरला असेल, त्यांनी घमेले सरळ त्या कोपऱ्यातच ठेवावे. मांजर त्यात जाऊ लागले की रोज वीतभर सरकवत हव्या त्या जागी न्यावे. घाई केली तर पुन्हा पहिला दिवस. सवय फारच मोडली असेल, तर आठ-पंधरा दिवस त्याला एका लहान खोलीत घमेले, पाणी, खाणे आणि अंथरूण देऊन ठेवावे. ही कैद नव्हे, दोन-तीनदा जाऊन त्याच्याजवळ बसावे. घमेल्यात गेले की प्रेमाने दोन शब्द बोला, आवडीचा घास द्या. चुकले तर ओरडू नका, मुकाट्याने पुसून घ्या.

खेड्यातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. भाव वाढेल म्हणून आपल्याकडे घरातल्या खोलीत कापूस भरून ठेवतात. मांजराच्या दृष्टीने कापसाच्या ढिगाएवढी मऊ, उकरायला सोपी जागा दुसरी नाही. पिवळा पडलेला ओला कापूस व्यापारी बाजूला काढतो, आणि मग मांजराला काठी बसते. ढीग घालण्याच्या आधीच दाराला जाळी लावा आणि बाहेर वाळूचे टोपले ठेवा. मांजर उंदीर मारायला हवे असेल, तर त्याच्या शौचाची सोयही आपणच करायला हवी.

घाण कोणी काढायची?

आता घरातली खरी अडचण. मांजर लाडाचे सगळ्यांचे, घमेले मात्र एकटीचे! बहुतेक घरांत ते सुनेच्या किंवा कामाला येणाऱ्या बाईच्या वाट्याला येते. आपल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको की घाण उपसणे हे कोणाच्या कपाळावर लिहिलेले काम नसते. ज्याने मांजर मांडीवर घ्यायचे, त्याने घमेलेही साफ करायचे. आमच्याकडे आता पाळी लावली आहे. सोमवार-गुरुवार ह्यांचा. काढलेली घाण जाड कागदात किंवा पिशवीत नीट बांधून मगच कचऱ्यात टाका. ती उचलणारे हातही कोणाचे तरी असतात. बेंटोनाइट माती संडासात ओतू नका, ती फुगते आणि पाइप तुंबतो.

घरात गरोदर बाई असेल तर तिला हे काम मुळीच देऊ नका. काही मांजरांच्या शीमधून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परोपजीवी बाहेर पडतो आणि तो गर्भाला अपाय करू शकतो. ताज्या शीमध्ये तो लगेच बाधत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात. म्हणूनच रोज साफ करण्याला एवढे महत्त्व. पण या भीतीने मांजर घराबाहेर काढायचे कारण नाही. दुसऱ्याने साफ करावे, साबणाने हात धुवावेत, एवढी काळजी पुरे.

पोते पुन्हा माळ्यावर

शनिवारी सकाळी मुलगी ओरडत आली, "आई, मनी घमेल्यात गेली!" आम्ही चौघेजण दाराआडून पाहत होतो. मनीने उकरले, बसली, झाकले, वास घेतला, पुन्हा झाकले आणि शेपटी वर करून निघून गेली. रविवारी ह्यांनी पोते घडी करून माळ्यावर टाकले. त्यानंतर एकदा चूक झाली, पण ती माझी. लग्नाला गेलो होतो, दोन दिवस घमेले तसेच राहिले होते.

पोत्यात घालून लांब सोडण्याची रीत आपल्याकडे फार जुनी आहे, आणि ती करणारे म्हणतात, "मारले थोडेच आहे?" पण घरात वाढलेल्या मांजराला परक्या भागात शिकार जमेल याची खात्री नसते, तिथली मांजरे त्याला जवळ करत नाहीत, कुत्री आणि मोटारी असतात. भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड त्या कायद्यात दहा ते पन्नास रुपये लिहिला आहे, म्हणजे त्याची भीती कोणाला वाटणार नाही. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, अशी भीती जुनी माणसे घालत. तीही आपल्याला नको. त्या जिवाला दुखते, भूक लागते, भीती वाटते, एवढे एकच कारण पुरेसे आहे.

तेव्हा भगिनींनो, मांजर घमेल्याकडे पाठ फिरवील त्या दिवशी काठी शोधू नका. आधी त्याची शू पाहा, मग घमेले पाहा, मग घरात काय बदलले ते आठवा. ते बोलू शकत नाही, म्हणून ओल्या गोधडीतून सांगते. आईची गोधडी आता पुन्हा पलंगावर आहे, आणि दुपारी मनी तिच्यावर नुसती झोपलेली असते.